चिठ्ठीचे शेवटचे दोन आकडे

तुमच्या मिसळणाच्या डब्यात हळद शोधायला तुम्हाला किती वेळ लागतो?

प्रश्नच विचित्र आहे ना? हळद कुणी शोधत नाही. झाकण उघडलं की हात आपोआप त्या वाटीत जातो. पण पाहुणी आलेली मावशी चहा करायला उठली, की तीच साखरेसाठी सहा डबे उघडून बघते. स्वयंपाकघर तेच, डबे तेच. तुम्हाला जागा ठाऊक असते आणि मावशीला ती शोधावी लागते, एवढाच काय तो फरक.

मागच्या वर्षी हा फरक नीट न समजल्यामुळे माझ्या हातात आलेलं काम जायची वेळ आली होती. त्याचीच ही गोष्ट.

मी २५ वर्षांची आहे. इंग्रजी घेऊन बी.ए. केलं आणि कंटेंट रायटर झाले. आम्ही रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहतो. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, असं आमचं चालतं. बाबा सदर बाजारातल्या एका सराफी पेढीवर ३२ वर्षं मुनीम होते. सदर बाजार म्हणजे आमच्या शहरातली सोन्याचांदीची जुनी पेठ. लग्नसराईत तिथे पाय ठेवायला जागा नसते. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन तिथेच गादीच्या कोपऱ्यात बसायची.

माझं आधीचं काम सुटलं होतं. जिथे मी लिहीत होते तिथे सांगितलं गेलं, की आता साधे लेख मशीनच लिहून देतं. चार महिने घरी बसले. मग प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या एका संस्थेने चाचणी म्हणून तीन लेख लिहायला दिले. तिन्ही पसंत पडले तर नियमित काम. पहिले दोन कसेबसे पार पडले. तिसऱ्याचा विषय होता हॅश टेबल, आणि त्यात एखादी गोष्ट शोधायला किती वेळ लागतो.

मी दोन दिवस वाचलं, चार व्हिडिओ पाहिले आणि झोकात एक वाक्य लिहिलं : 'हॅश टेबलमध्ये कितीही माहिती असली, तरी शोध नेहमीच एका झटक्यात होतो.'

लेख परत आला. तपासणाऱ्या इंजिनिअरने एकाच शब्दाखाली लाल रेघ मारली होती. 'नेहमीच'. शेजारी लिहिलं होतं, 'हे समजून घ्या, मग पुन्हा लिहा. सोमवारपर्यंत.'

बाबांचा वेगळा घोर

त्याच आठवड्यात बाबाही गप्प गप्प होते. पेढीवर धाकट्या शेठजींनी गहाण खात्याची सगळी नोंद कॉम्प्युटरवर घेतली होती. नंबर टाकला की गिऱ्हाईकाचं नाव, वजन, तारीख, व्याज, सगळं पडद्यावर हजर. रात्री जेवताना बाबा आईला म्हणाले, "आता शोधायला माझी काय गरज?" आईने फक्त त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

मी काही बोलले नाही. बापलेक दोघांनाही मशीनचा एकच घोर लागला होता, हे मात्र मला तेव्हाच कळलं.

शनिवारी मी लॅपटॉप घेऊन पेढीवर गेले. घरी सुचत नव्हतं आणि लहानपणापासून तो कोपरा माझ्या सवयीचा होता. समोर बाबांचं कपाट होतं. त्याला १०० खण. प्रत्येक खणात कापडी पोटल्या, आणि प्रत्येक पोटलीला गहाणाच्या चिठ्ठीचा नंबर बांधलेला.

गहाण ही इथली जुनी रीत. पेरणीच्या आधी बियाण्याला, खताला पैसे लागतात. मग खेड्यातल्या बाया करधन, सुता, पैरी, ऐंठी असे चांदीचे दागिने ठेवून पैसे नेतात. धान विकलं की दागिना सोडवून नेतात. एका वेळी पेढीवर दोन हजारांच्या आसपास पोटल्या असायच्या.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि त्याने चिठ्ठी पुढे केली. नंबर १२७३. बाबांनी चष्मा सावरला, ७३ क्रमांकाचा खण ओढला, दहाबारा पोटल्या चाळल्या आणि त्याची पोटली काढून दिली. अर्धा मिनिटही लागलं नसेल.

हे मी हजार वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं.

हॅश म्हणजे बारीक चिरणं

इंग्रजी शिकलेल्या माणसाला शब्दांचं वेड असतं. हॅश हा शब्द फ्रेंचमधून आला. तिथे त्याचं नातं कुऱ्हाडीशी आहे आणि अर्थ आहे तुकडे करणं, बारीक चिरणं. कॉम्प्युटरही तेच करतो. तुम्ही दिलेलं नाव किंवा नंबर एका सूत्रात घालून, चिरून, त्याचा एक आकडा काढतो. तो आकडा म्हणजे खणाचा क्रमांक. वस्तू ठेवताना हेच सूत्र आणि काढतानाही हेच सूत्र. त्यामुळे दोन हजार पोटल्या चाळाव्या लागत नाहीत, थेट त्या खणापाशी जाता येतं.

ही कल्पना १९५३ साली आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी कंपनीतल्या एका टिपणात मांडली होती. लून मुळात कापड उद्योगातून आलेले. आपल्या डेबिट कार्डाचा शेवटचा आकडा ज्या सूत्राने पडताळतात, तेही त्यांचंच. आज पायथॉनमधली डिक्शनरी, जावामधला हॅशमॅप, सगळे याच कल्पनेवर चालतात.

बाबांचं सूत्र साधं होतं. चिठ्ठीचे शेवटचे दोन आकडे.

लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, "पहिले दोन का नाही?" तेव्हा त्यांनी मला वही दाखवली होती. चिठ्ठ्या ओळीने फाटतात. १२०१, १२०२, १२०३. पहिले दोन आकडे घेतले तर सलग १०० पोटल्या १२ नंबरच्याच खणात पडतील आणि बाकीचे खण रिकामे राहतील. शेवटचे दोन घेतले की एक एक पोटली एकेका खणात जाते. चांगलं सूत्र म्हणजे सगळीकडे सारखं वाटणारं सूत्र, हे मला दहाव्या वर्षी माहीत होतं. फक्त त्याला काय म्हणतात, ते माहीत नव्हतं.

ओ(१) आणि ओ(एन)

आता त्या वेळेच्या हिशोबाकडे येऊ. घाबरू नका, यात गणित फार नाही.

समजा सगळ्या पोटल्या एकाच पोत्यात भरल्या आहेत. हजार असतील तर वाईटात वाईट हजार पाहाव्या लागतील. दोन हजार झाल्या तर दोन हजार. माल दुप्पट तर वेळही दुप्पट. प्रोग्रॅमर याला 'ओ(एन)' म्हणतात. एन म्हणजे एकूण वस्तू.

हॅश टेबलमध्ये माल दुप्पट झाला तरी शोधायचा वेळ साधारण तेवढाच राहतो. याला म्हणतात 'ओ(१)'. याचा अर्थ एक सेकंद नाही की एक पाऊल नाही. मालाबरोबर वेळ वाढत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पण थांबा. बाबांच्या कपाटात खण १००च. दोन हजार पोटल्या असताना एका खणात सरासरी २०. दहा हजार झाल्या तर एका खणात १००. मग वेळ वाढलाच की!

याचं उत्तर माझ्याच आठवणीत होतं. साधारण पंधरा वर्षांपूर्वी हे कपाट ५० खणांचं होतं. खण ओसंडायला लागले तेव्हा शेठजींनी शेजारी तेवढंच दुसरं कपाट करून घेतलं. एका रविवारी पेढी बंद ठेवून बाबांनी सगळ्या पोटल्या नव्याने लावल्या आणि मी मदतीला होते. आधी ७३ साठी खणच नव्हता, म्हणून ५० वजा करून १२७३ ही पोटली २३ मध्ये ठेवलेली असायची. आता २३ नंबरचा खण उघडायचा, २३ वाल्या पोटल्या तिथेच ठेवायच्या, ७३ वाल्या नव्या कपाटात न्यायच्या. प्रत्येक खणातला साधारण अर्धा माल हलला. संध्याकाळपर्यंत कंबर मोडली. पण दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक खणात निम्म्याच पोटल्या.

जावाचा हॅशमॅप अगदी हेच करतो. सुरुवातीला १६ खण. ७५ टक्के, म्हणजे १२ वस्तू झाल्या आणि आणखी एक आली, की खण ३२ करतो आणि सगळ्या वस्तू पुन्हा लावतो. ते एक काम जड पडतं, पण क्वचित येतं. त्या एका रविवारच्या जिवावर बाकीचे दिवस सोपे जातात.

आणि 'स'चा खण

मग चूक कुठे होती? ती सांगितली बाबांनीच. मी इंजिनिअरची लाल रेघ दाखवली. ते जरा वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "नेहमीच कसं होईल बेटा? तुला 'स'चा खण माहीत नाही का?"

बाबांच्या आधीचे मुनीमजी आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून पोटल्या ठेवत. ऐकायला छान वाटतं. पण आमच्या छत्तीसगढात साहू किती आहेत! शिवाय सोनी, सिन्हा, सोनवानी. 'स'चा खण ठासून भरलेला आणि 'ढ'च्या खणात मुनीमजींचा चष्मा. साहू आडनावाची बाई आली, की अर्धी पेढी कामाला लागायची. खण होते, सूत्र होतं, तरी अर्धंअधिक काम पोत्यासारखंच.

दोन वस्तूंसाठी एकच खण निघणं, याला टक्कर म्हणतात. टक्कर टळत नाही. जावात प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो : इंग्रजी मोठ्या ए ला ६५, लहान ए ला ९७, मोठ्या बी ला ६६. दोन अक्षरी शब्द असेल तर पहिला आकडा गुणिले ३१, अधिक दुसरा. 'मोठा ए, लहान ए' या शब्दाचं उत्तर येतं २११२. आणि 'मोठा बी, मोठा बी' याचंही २११२. करून पाहा.

टक्कर झाल्यावर काय करायचं, याच्या दोन रीती आहेत. एक बाबांची : त्याच खणात ठेवा आणि आतल्या आत चाळा. जावा असंच करतो. दुसरी : तो खण भरलेला असेल तर ठरलेल्या नियमाने पुढचा रिकामा खण गाठा. पायथॉन असं करतो. दोन्हीत माल नीट वाटला गेला असेल तर काम झटपट होतं. सगळाच माल एका खणाकडे धावला, तर मात्र ओ(१) जाऊन ओ(एन) येतो.

आणि कुणी मुद्दाम तसं घडवलं तर? तेही झालं आहे. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की एकाच खणात पडतील अशी हजारो नावं वेबसाइटला पाठवली, तर ती शोधाशोध करण्यातच गुदमरते. पीएचपी, जावा, पायथॉन, बऱ्याच भाषा यात सापडल्या. म्हणजे सगळे 'साहू' एकाच दिवशी ठरवून पेढीवर पाठवण्यासारखं! त्यानंतर २०१२ मध्ये सिपहॅश नावाचं सूत्र आलं. त्यात एक गुप्त आकडा मिसळतात, त्यामुळे कोण कुठल्या खणात जाईल हे बाहेरच्याला ओळखता येत नाही. पायथॉनने २०१४ मध्ये ते घेतलं. त्याच वर्षी आलेल्या जावा ८ ने वेगळी तजवीज केली : एका खणात फारच गर्दी झाली तर तिथला ढीग फांद्यांसारखा क्रमाने लावायचा, म्हणजे सगळा चाळावा लागत नाही.

तेव्हा बरोबर वाक्य असं होतं : शोध साधारणपणे ओ(१), वाईटात वाईट ओ(एन). माझ्या 'नेहमीच'मध्ये ही सगळी मेहनत गायब झाली होती.

चिठ्ठीच हरवली तर

मी वाक्य दुरुस्त करत होते तेवढ्यात आरंगकडच्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. सोबत नात. धान विकलं होतं, नातीचं लग्न ठरलं होतं, ऐंठी सोडवायची होती. पण चिठ्ठी नव्हती. घर शाकारताना कुठेतरी गेली.

काउंटरवरच्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये नाव टाकलं. काहीच येईना. मधला एक स्वर वेगळा टाकला, तरी नाही. मग त्याने हात वर केले. "नंबर के बिना नहीं होगा."

हॅश टेबलचा हा दुसरा स्वभाव. किल्ली तंतोतंत हवी. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की उत्तर 'नाही'. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या सोन्याच्या हॉलमार्क दागिन्यावर एचयूआयडी नावाचा सहा अक्षर-आकड्यांचा नंबर लागतो ना, तेही तसंच. इंग्रजीतली २६ अक्षरं आणि १० आकडे धरले, तर असे २१७ कोटींहून जास्त नंबर होऊ शकतात. बीआयएस केअर ॲपवर नंबर अचूक टाकला तरच दागिन्याची माहिती मिळते. 'साधारण असा काहीतरी होता' म्हणून चालत नाही.

बाई ओट्यावर बसून राहिल्या. नात तिच्या ओढणीचं टोक पिळत होती.

बाबा उठले. बाईंसमोर उकिडवे बसले आणि विचारलं, "दाई, कोन महिना?"

बाई म्हणाल्या, "अकती के आघू."

अकती म्हणजे आपली अक्षय तृतीया. इथल्या शेतीचं वर्ष तिथून सुरू होतं. बाबांनी कपाटाकडे पाहिलंही नाही. तिथे पोटल्या नंबरावर लावलेल्या, त्यात तारीख कुठे सापडणार? त्यांनी जुनी लाल वही काढली. वहीत नोंदी तारखेच्या क्रमाने. मधोमध उघडली, तारीख अकतीच्या पुढची निघाली, मागे गेले, पुन्हा थोडं पुढे. पाचसहा वेळा पानं उलटून त्या पंधरवड्यावर आले. बोटाने ओळी वाचत एका नावावर थांबले. गाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, वजन जुळवलं, वहीतला अंगठा ताज्या अंगठ्याशी ताडून पाहिला. मग वहीतला नंबर वाचला आणि खण ओढला.

कॉम्प्युटरमध्ये त्यांचं नाव होतंच, पण आडनाव वेगळ्याच पद्धतीने लिहिलेलं. बाईंनी ऐंठी हातात घेतली आणि नातीच्या मनगटाला लावून पाहिली.

सोमवार

मी तो लेख पुन्हा लिहिला. कपाट, 'स'चा खण, पंधरा वर्षांपूर्वीचा रविवार, सगळं घातलं. इंजिनिअरचं उत्तर एका ओळीचं आलं : 'आता बरोबर आहे. पुढचे विषय पाठवतो.' ती ओळ मी बाबांना दोनदा वाचून दाखवली.

त्याच दिवसांत एक बातमीही वाचली होती, तिचा मला फार आधार वाटला. पायथॉनसारख्या, पुढचा खण गाठणाऱ्या रीतीत कपाट जवळजवळ भरलेलं असताना किती खण पाहावे लागतात, याबद्दल अँड्र्यू याओ या नामवंत शास्त्रज्ञाने १९८५ मध्ये एक अंदाज मांडला होता : एका ठरावीक मर्यादेपेक्षा कमी वेळात ते होणार नाही. चाळीस वर्षं तो मानला गेला. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात पदवीचं शिक्षण घेत असताना अँड्र्यू क्रापिविन या मुलाला हा अंदाज माहीतच नव्हता. त्याने आपली नवी रीत काढली आणि जानेवारी २०२५ मध्ये दोन प्राध्यापकांसोबतच्या निबंधात तो अंदाज खोटा ठरवला. मी काही तशी हुशार नाही. पण 'बी.ए. इंग्रजीवालीला हे कसं कळणार' असं स्वतःला सांगणं मी तेव्हापासून सोडलं.

आणि बाबांचं काय? कॉम्प्युटर राहिला, राहणारच होता. पण त्या बाईंनंतर धाकट्या शेठजींनी बाबांना अकतीपर्यंत थांबायला सांगितलं. बाबांनी त्या मुलाला शेजारी बसवून जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. नावासोबत गाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव आणि तारीख भरायला लावली. नंबर टाकताना दोनदा वाचायची सवय लावली. रात्री मला म्हणाले, "मी इतकी वर्षं समजत होतो की माझं काम शोधायचं आहे. खरं काम तर ठेवायचं होतं."

या वर्षीच्या अकतीनंतर बाबा घरी बसले. पहिले आठ दिवस पेपर वाचला. नवव्या दिवशी आई देवळात गेलेली असताना त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे अक्षरांप्रमाणे लावून टाकले. साखर, साबुदाणा, सांडगे, सुपारी, सुंठ, सगळं 'स'च्या फळीवर, आणि ती फळी वाकलेली.

आईने त्या दिवसापासून बाबांना स्वयंपाकघरात चहा पिण्यापुरतीच परवानगी दिली आहे. तुमच्याकडेही कुणी नुकतंच निवृत्त झालं असेल, तर आधीच सांगून ठेवा. आणि मावशी येणार असतील, तर डब्यांवर नावं तेवढी लिहून ठेवा.